अकराव्या बाटलीचं पाणी

मंगळवार, चौदा तारीख
कॅन्टीनमधून, दुपारी

धाकटे,

तू बरी असशील. भाऊजींचा हात बरा असेल. आम्ही इकडे ठीक आहोत. पत्रात पहिल्यांदा एवढं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ठीक काही नाही, पण ते खाली येईल.

मी चौथीपर्यंतची, त्यात तीस वर्षं हातात पेन कमी आणि उलथणं जास्त. जोडाक्षरं चुकतील, सांभाळून घे. तुझ्या माहेरी फोन का नाही केला म्हणशील. केला होता, चार वेळा. तुझ्या भावजयीने उचलला आणि "ती आंघोळीला गेलीय" म्हणाली. चारही वेळा आंघोळ. एवढी स्वच्छ बाई जगात दुसरी नसेल. म्हणजे तुला माझ्याशी बोलायचं नाही हे मला कळलं, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखंच वाटलं.

तुझ्या कोंबड्या मी माझ्याकडे आणल्या आहेत. लंगडी मेली, बाकीच्या आहेत. कंपनीने गॅसची तिसरी विहीर सुरू केली. ह्यांच्या विहिरीत पाणी नसतं, वास असतो, तरी पाटीवर विहीरच लिहितात. त्या नळकांड्यावरची आग दिवसभर घोंघावते आणि संध्याकाळी पण उजेड तसाच, त्यामुळे कोंबड्यांना खुराड्यात कधी शिरायचं ते कळत नाही. हाकलून हाकलून माझा घसा बसला. तुमच्या घराला कुलूप आहे, किल्ली माझ्या डब्यात आहे.

आता कामाचं. बावीस तारखेला आगीच्या तपासणीचा सरकारी अधिकारी येणार आहे आणि त्याच्यासमोर तू आणि भाऊजी एका कागदावर सह्या करणार आहात. त्या सह्या करू नका. बाकीचं पत्र चुलीत घातलंस तरी एवढं लक्षात ठेव.

मला कसं माहीत? तो कागद मी वाचला. तुझ्या भावाने तुमच्या वतीने कंपनीला होकार कळवला तेव्हा तो टाइप होऊन आला. कारकून चहाला आला आणि फाईल टेबलावर टाकून हात धुवायला गेला. मी फडकं मारत होते. वर भाऊजींचं नाव दिसलं म्हणून बोट ठेवून वाचायला लागले. "बोअरच्या पाण्याबद्दलची तक्रार आम्ही मागे घेत आहोत" इथपर्यंत जमलं. पुढे होतं, "मोटारीच्या खोलीतली आग आमच्याच नि" आणि तिथे अडकले. नि. ष्का. ळ. जी. एवढा लांब शब्द मी आयुष्यात कधी वाचला नव्हता. कारकून परत आला तरी मी फडकं एकाच जागी फिरवत होते. "निष्काळजीपणामुळे." जुळला एकदाचा. तो शब्द तुमचा नव्हता, धाकटे. माझा होता.

कारकून म्हणाला, "काकू, टेबलाला भोक पाडता का?"

त्या बाटल्यांचं सांगते.

कंपनी दर तीन महिन्यांनी विहिरींच्या टॉवरच्या आसपासच्या अकरा घरांचं पाणी तपासते. त्यासाठी प्रयोगशाळेचा तो लुकडा माणूस येतो, ज्याला सगळे बाटलीवाला म्हणतात. त्या खेपेला त्याला ऊन लागलं. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन कॅन्टीनच्या बाकावर आडवा झाला आणि मला म्हणाला, "काकू, घरं तुम्हाला पाठ आहेत. एवढ्या बाटल्या भरून आणता? मोटार दहा मिनिटं चालू द्यायची, मग काठोकाठ भरायची. आत एक बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर तपासणी फुकट." बाटल्यांवर घरांच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या होत्या. मी म्हटलं, आण इकडे. साठ माणसांना जेवू घालते, अकरा बाटल्यांचं काय घेऊन बसलास.

दहा भरल्या. नियमाने भरल्या. अकरावी तुमची होती.

तुमचं घर सगळ्यात लांब, नाल्यापलीकडे. ऊन मरणाचं होतं, माझा गुडघा धरला होता, चारच्या आत चहा टाकायचा होता. म्हणून मी परत आले आणि तुमची बाटली कॅन्टीनच्या नळाखाली धरली. इथलं पाणी टँकरने बाहेरून येतं. कंपनीची माणसं आपल्याकडचं पाणी तोंडात घेत नाहीत, हे तेव्हा पण मला माहीत होतं. काठोकाठ भरली. बुडबुडा नव्हता.

मी यांना रविवारी सांगितलं तेव्हा असंच सांगितलं. ऊन, गुडघा, चहा. मनातल्या मनात तीन महिने स्वतःला पण असंच सांगत होते. पण आत्ता लिहिताना हात पुढे जाईना. मघाशी उठले, तीन पातेली घासली, परत येऊन बसले.

गुडघा बिगुडघा काही धरला नव्हता.

त्याच्या दोन दिवस आधी तू कॅन्टीनच्या मागच्या दाराशी ग्लास घेऊन आली होतीस. आठवतं ना? मी आणि माझ्याबरोबर कामाला असलेल्या त्या चौघी भांड्यांवर बसलो होतो. तू म्हणालीस, "जाऊबाई, हे बघा, पाणी सोड्यासारखं फसफसतंय. वास पण येतो."

मी म्हटलं, "मला काय दाखवतेस, मी काय डॉक्टर आहे पाण्याची?"

"तुम्ही त्यांच्यात उठता-बसता. साहेबाच्या कानावर घाला."

"मी भांडी घासते. साहेबाच्या शेजारी खुर्ची टाकून बसत नाही."

"मग घासत बसा. आमचं पाणी नासवणाऱ्यांची भांडी तुम्हीच घासा."

आणि त्या चौघी हसल्या.

मला पाण्याचा राग आला नाही, त्या हसण्याचा आला. सगळा जन्म घरात राबले, कुणी विचारलं नाही. इथे आल्यावर मुकादम म्हणायचा, "काकूंना विचारा." साठ माणसं माझ्या हाताकडे बघत बसायची. आणि तू चार बायांसमोर त्याची माती केलीस, असं मला वाटलं. बाटली घेऊन तुझ्या दारात यायचं म्हणजे तू खरी निघायची भीती. मला तू खोटी पडायला हवी होतीस. एवढंच होतं. नाला आणि ऊन मी नंतर जमवलं.

आठ दिवसांनी कागद आला. तुमच्या घरापुढे, गॅसच्या रकान्यात, "निरंक". मला पण त्याचा अर्थ कारकुनाने सांगितला, निरंक म्हणजे काहीच सापडलं नाही. मग काय, लोकांना खेळच मिळाला. "निरंकबाई आल्या, ह्यांना सोडा पाजा." ते नाव दुकानदाराने ठेवलं असं तुला वाटतं. त्याने मोठ्याने म्हटलं. ठेवलं मी. साखर घ्यायला गेले होते, जाता जाता बोलून आले.

भाऊजी तोवर मोटारीच्या खोलीचं दार दिवसरात्र उघडं ठेवायचे, वास कोंडतो म्हणून. कागद आल्यावर येणारा-जाणारा हसायला लागला, "काय हो, निरंकला वारा घालताय का?" आणि त्यांनी दार लावायला सुरुवात केली. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे असं त्यांना कधी जमलंच नाही, गरीब स्वभावाचा माणूस. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी ते दार उघडून खटका दाबला आणि ठिणगी उडाली. पुढचं मी तुला काय सांगू. तू होतीस तिथे.

मी पण आले होते पळत. भाऊजी अंगणात बसले होते, हात पुढे धरून, जसं काही कुणी त्यावर काही ठेवणार आहे. मला बघून म्हणाले, "वहिनी, पाणी नका घालू हो, ह्या बोअरचं नको." आणि तरी, धाकटे, तरी मी तेव्हा बोलले नाही.

बोलले कधी? आगीनंतरच्या सभेत बोलले. कंपनीचा साहेब म्हणाला, पाणी निरंक आहे, म्हणजे खोलीत काहीतरी पेटणारं साठवलेलं असणार, कुणी काही पाहिलंय का? मी उठले आणि म्हणाले की पेट्रोलचा कॅन मी डोळ्यांनी पाहिलाय. कॅन पाहिला होता, पण दोन वर्षांपूर्वी, तुमच्या ओसरीवर, भाऊजींनी गाडीसाठी आणलेला. त्या खोलीत मी कधी पाहिला नाही. वर आणखी म्हणाले, "आमच्या धाकटीला चहा उकळला तरी धूर दिसतो." सगळे हसले. तू माझ्याकडे बघितलंस. मी पदर सारखा करत बसले.

तुला वाटलं असेल, ही नोकरीसाठी बोलली. नोकरी होतीच डोक्यात, नाही म्हणत नाही. पण खरं म्हणजे बाटली झाकायला कॅन लागला. एक झाकलं की दुसरं उघडं पडतं, अपुऱ्या पांघरुणासारखं.

रविवारी यांनी हे सगळं ऐकलं तेव्हा दाढी करत होते. मला वाटलं, ओरडतील. दोघं इथेच नोकरीला, मी चुलीशी, हे फाटकावर. मी बोलले तर दोन्ही जातील. हे एवढंच म्हणाले, "तो दवाखान्यात मला म्हणाला होता, दादा, खोलीत पेट्रोल नव्हतं. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या वहिनीने पाहिलंय." मग अर्धी दाढी तशीच ठेवून कामावर गेले. लोकांनी फाटकावर विचारलं असेल, काय सांगितलं कोण जाणे. तेव्हापासून ताट वाढलं की जेवतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत केल्या असत्या. ह्याला काय परत करू?

काल बाटलीवाला आला होता, त्याला गाठलं. म्हटलं, "त्या घराचं पाणी तुम्ही कधी तपासलंच नाही. ती बाटली इथल्या नळाची होती."

तो आधी हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाला, "काकू, हळू बोला. बाटल्या मी स्वतः भरल्या असं मी सही करून दिलंय."

"मग आता नवीन सही करा."

"माझं घर चालतं हो ह्यावर. आणि तुमचं पण. कशाला उकरता?"

तो वाईट नाही. मला चष्मा बदलायला तालुक्याच्या डॉक्टरकडे त्यानेच नेलं होतं. पण तो बोलणार नाही, हे त्याचं तोंड बघून कळलं. म्हणजे अकरावी बाटली कुणाची ते सांगणारी मी एकटी.

तिथून मी तुमच्या घरी गेले. बोअरच्या तोंडावर फरशी ठेवलेली आहे. कान लावला. खाली पातेल्यात काहीतरी मंद शिजत असावं तसा आवाज येतो, थांबत नाही. तू हाच आवाज मला सांगत होतीस आणि मी तुला नाटकी म्हटलं. नाला ओलांडायला मला सात मिनिटं लागली. मोजली मी. त्या दिवशी सात मिनिटं चालले असते तर.

आता नीट वाच. बावीस तारखेला मी उभी राहणार आहे आणि अधिकाऱ्याला सांगणार आहे की तुमच्या बोअरचं पाणी पुन्हा घ्या, आणि या वेळी बाटली तुम्ही स्वतः भरा. ठरवलंय. पण मी मला ओळखते. ज्या तोंडाने कॅन सांगितला तेच हे तोंड आहे. चार माणसं समोर बसली की मला स्वतःची बाजू वर ठेवायची खोड आहे. साहेब गोड आवाजात म्हणेल, "काकू, नीट आठवून सांगा," आणि मी गुडघ्याचं सांगून मोकळी होईन. किंवा अर्धं सांगेन, जेवढ्यात मी बरी दिसेन तेवढं.

म्हणून हे लिहून दिलंय. मी गप्प बसले, किंवा अर्धं बोलले, तर हा कागद अधिकाऱ्याच्या हातात दे. अक्षर लागत नाही म्हणाला तर तू वाच. मोठ्याने वाच, माझ्यासमोर, त्या चौघी असतील त्यांच्यासमोर पण. साखर घ्यायला गेले होते ते पण वाच. मी वाईट दिसते तिथे घाई करू नकोस.

मी माफी मागितलेली नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. मागितली की तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल, आणि तुझ्या डोक्याला आधीच कमी काम नाही. तुझं काम एवढंच, सही करायची नाही आणि बावीसला यायचं. गाडीवर हे न्यायला येतील तुम्हाला. मी न्यायला येणार नाही, भिऊ नकोस.

भाऊजी मला मोठी म्हणून दर वेळी वाकून नमस्कार करतात. या वेळी त्यांना माझा सांग. वयाने, नात्याने उलटं होतं, तरी सांग.

वर लिहिलेलं कुणी माझ्याकडून जबरदस्तीने लिहून घेतलेलं नाही. तुमच्या घराची बाटली मी कॅन्टीनच्या नळावर भरली. त्या खोलीत पेट्रोल मी पाहिलं नाही.

थोरली