चौकातली शिट्टी

मंगळवार, संध्याकाळ

चौकातल्या ओट्यावर 'सुंदर भंडारा' अशी आमच्या शहराच्या नावाची दिव्यांची अक्षरं बसली. ओटा मीच बांधला, रेती-सिमेंट सुमनबाईनं वाहिलं. आज सकाळी तिला कामावर न्यायला गेलो, तर ओट्याजवळ रोज मजूर कामाची वाट बघत बसतात ती जागा रिकामी. अक्षरांपाशी नेमलेल्या पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवून सगळ्यांना उठवलं होतं. लोक अक्षरांसमोर फोटो काढतात, त्यात मजूर येतात म्हणे. मग कोण यायला पाहिजे?

सुमनबाई नाल्यापलीकडे उन्हात डबा धरून उभी होती. मी म्हटलं, "आता इथंच थांबत जा." दुसरं काय सांगणार होतो? तेवढ्यात तिथूनही हटवायला पुन्हा शिट्टी. तिचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलेलं. शांतपणे म्हणाली, "गाव उठवलं तवा नोटीस तरी आली होती, भाऊ. इथं निस्ती शिट्टी वाजवते."