धुळ्यातलं माझं मॉस्को

अक्का, तू मला कोंडून ठेवलं होतंस. लोकांना मी हे असं सांगत नाही, जायच्या आधी थोडे दिवस आत्याकडे होते एवढंच म्हणते. पण तुझ्यापाशी कशाला लपवू? बाहेरच्या दाराला कुलूप, आतल्या खोलीला बाहेरून कडी, गल्लीकडची खिडकी बंद, आणि आत मी, रशियन शिकायला मॉस्कोला निघालेली, गावानं वाजतगाजत वाटेला लावलेली मुलगी. आज हसू येतं. तेव्हा जीव गुदमरायचा.

चूक कुणाची म्हणशील, तर आपल्या लोकांच्या हौसेची. शिष्यवृत्ती मिळाली हे कळलं, तिकडचे कागद अजून यायचे होते, पण गावाला कुठला धीर. फैजपूरजवळच्या आमच्या त्या केळीवाल्या गावातून मुलगी लांब जायची ती लग्न होऊनच, त्यामुळे निरोप कसा द्यायचा हेही लोकांना तेवढंच ठाऊक. घरोघर जेवायला बोलावलं, बायकांनी ओटी भरली, पारावर शाल-नारळ झाला, आणि एका गृहस्थांनी भाषणाच्या भरात मला सासरी नीट नांदायचा उपदेशही केला. तुझा भाऊ, आमचे नाना, मला घेऊन मुंबईला गेले. तिथल्या शिष्यवृत्तीच्या कचेरीतल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की कागद आलेले नाहीत, महिना लागेल, कदाचित जास्त. नाना बाहेर येऊन जिन्यावरच बसले. मी परत गेले तर काय होणार ते दोघांनाही माहीत होतं. आजोबांनी, आपल्या आबांनी, स्वच्छ सांगून ठेवलं होतं, गेली तर जाऊ द्या, नाही गेली तर सांगून आलेलं स्थळ पक्कं करा. मुलगा वाईट नव्हता गं, पण त्या घरात सून होऊन गेल्यावर रशियन कुणाशी बोलणार होते मी, केळीच्या घडांशी? नानांनी साहेबांकडे तुझा पत्ता दिला, चाळीसगावला गाडी बदलली आणि दिवेलागणीला मला तुझ्या दारात आणून सोडलं. स्वतः गावी जाऊन सांगितलं, विमान उडालेलं या डोळ्यांनी पाहिलं. आईलासुद्धा हेच सांगितलं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही.

तुझ्या समोरच्या घरात कापडवाल्या शेठची बायको होती आणि तिचं माहेर नेमकं फैजपूरचं. तिनं मला पाहिलं असतं तर बातमी माझ्याआधी गावात पोचली असती. म्हणून ती कडी आणि ते कुलूप. तू बाजारात जायचीस तेव्हा मी खोलीच्या मधोमध बसून राहायचे, भांडं वाजू नये म्हणून तहान लागली तरी उठायचे नाही. 'जाणे' या क्रियापदाची रशियन रूपं घोकत होते, पायी जाणं वेगळं, गाडीनं जाणं वेगळं, आणि मला मोरीपलीकडे जायची सोय नव्हती. जळगावच्या शिंप्यानं जन्मात पहिल्यांदा शिवलेला तो लोकरीचा कोट तू मला रोज थोडा वेळ घालायला लावायचीस, सवय हवी म्हणून. धुळ्याच्या त्या ऑक्टोबरात! दुपारी तू पाटावर गहू निवडत बसलेली असतेस, मी कुजबुजत रशियनमध्ये स्टेशन कुठे आहे ते विचारते, तू मान वर न करता तुझ्या धुळ्याच्या बोलीत भलतंच काहीतरी उत्तर देतेस, आणि मी ते समजल्यासारखं आभार मानते. तेवढंच हसणं. एरवी मी तुझ्यावर चिडलेलीच असायचे. नानांवर चिडता येत नव्हतं, ते समोर नव्हते.

आणि मग दिवाळीत आई आली. न कळवता, फराळाचा डबा घेऊन. तू मला आत ढकलून कडी लावलीस आणि मी दाराला कान लावून उभी राहिले. आई तुला सांगत होती की लेकीच्या वाटणीचे अनारसे केले खरे, पण ते कुणाच्या घशाखाली उतरेनात, म्हणून तुझ्याकडे घेऊन आले. मग म्हणाली, "अक्का, तठी थंडी लय असीन ना? तिले रांधून कोन देत असीन?"

तू डबा बाजूला ठेवलास. मग म्हणालीस, "पोर खुशाल शे. तू बस, मी पानी लई येस." जाता जाता माझ्या दाराची कडी काढलीस. आवाज न करता नाही, चांगली खाडकन काढलीस, आणि घागर उचलून निघून गेलीस.

मी बाहेर आले. आई ओरडली नाही. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, खांदे, मनगटं चाचपून पाहिली. मी एका वाक्यात सगळं सांगितलं, तिनंही ते एका वाक्यात समजून घेतलं. पुढचं मला बोलायचंच होतं, तेवढ्यात समोरच्या घराचं दार वाजलं. आईनं घाईघाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "झाला तुहा नमस्कार. आत जाय, कोनी पाहीन." आणि मला आत लोटून तिनं स्वतःच्या हातानं कडी लावली. मग शेजारीण येऊन बसली, तिला आई मॉस्कोतल्या बर्फाचं असं वर्णन करून सांगत होती की मलाच थंडी वाजली.

कागद आले, मी गेले. मी तिकडे असतानाच तू गेलीस, म्हणून हे आता लिहिते आहे, पोस्टात टाकायची काळजी नाही. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात, आईही मरेपर्यंत करत होती. तुला वाटलं असेल, पोर आईच्या पाया पडायला बाहेर आली. आईलाही तेच वाटलं. अक्का, मी आत पिशवी भरून ठेवून बाहेर आले होते. लग्न तर लग्न, मला घरी घेऊन चल, एवढंच मला आईला सांगायचं होतं.