पाण्यात उतरलेला कोफी

उदगीर,
१४ जुलै २०२४

आदरणीय राजकन्याताई यांना,

सादर नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. मी इथल्या एका डाळमिलमध्ये कारकून आहे. पत्र लिहायची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. आपला पत्ता माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका अंजूबाई यांनी दिला. त्या फोन नंबरही देत होत्या, पण फोनवर मला बोलायला जमलं नसतं.

काम असं आहे. देशोदेशीच्या, कष्टात वाढणाऱ्या मुलांच्या गोष्टींचं आपलं निळ्या कव्हरचं पुस्तक शाळेच्या वाचनालयातून अक्षराच्या नावावर घरी आणलं होतं. ते परत करणं झालं नाही. बाई राहू द्या म्हणतात, पण शाळेचं पुस्तक शाळेत असावं. उदगीर आणि लातूरच्या दुकानांत चौकशी केली, आता ते छापत नाहीत असं कळलं. आपल्याकडे एखादी प्रत असली तर कळवावं.

अक्षरा माझी मुलगी. तिला थॅलेसेमिया. रक्त चढवायला आम्ही दोघं एसटीनं आपल्या नांदेडला यायचो. माझी बहीण तिथं असते, मुक्कामाची सोय व्हायची. रक्त हळूहळू चढतं, वेळ जाता जात नाही. तिच्या एका हाताला सुई, म्हणून पुस्तक मी धरायचो आणि मोठ्यानं वाचायचो. दुसऱ्या हाताचं बोट ती ओळीवर ठेवायची. बोट पुढं सरकल्याशिवाय मला पान उलटायची परवानगी नव्हती.

परतीच्या गाडीत तिचे प्रश्न सुरू व्हायचे. तिकडं तूर पिकत नाही, तर ती मुलं वरण कशाचं खातात? बर्फात राहणाऱ्या मुलाची शाळा सुटल्याची घंटा त्याच्या आईला ऐकू येते का? आपलं नाव मराठी पुस्तकात आलंय हे त्यांना कोण सांगतं? लोहा गाव मागं पडेपर्यंत मी काहीतरी उत्तरं द्यायचो, मग थकून झोपेचं सोंग घ्यायचो. तिला ते कळायचं. आपण नांदेडातच राहता हे बाईंनी तिला सांगितलं होतं. तुला ताईंना भेटायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, पुस्तक संपल्यावर. अर्धं वाचून प्रश्न विचारले तर त्या हसतील.

आपण त्या मुलांना खरोखर भेटलात का? हे मलाही विचारायचं आहे. एवढ्या लांबच्या पोरांच्या घरात काय शिजतं, हे नांदेडात बसून कसं समजतं?

एकदा रक्ताच्या पिशवीकडं बघून म्हणाली, "कुणाचं असंल हो अप्पा? गणितवाल्याचं असलं तर बरं, सोमवारी परीक्षा हाय." बाजूच्या नर्सबाई हसल्या. आणि त्याच दिवशी, विटा वाहणाऱ्या मुलीची गोष्ट ऐकताना, मला म्हणाली की या पोरांचं लई अवघड हाय. हाताला सुई तशीच होती.

बर्फातल्या मुलाचं शिंगरू मरतं, ते मी बदलून वाचलं. शिंगरू बरं झालं, असं म्हणालो. तिचं बोट ओळीवरच थांबलं. "अप्पा, इथं तसं न्हाई. हाय तसं वाचा." मग मी तसं वाचलं. ती रडली नाही. शिंगराचं नाव काय होतं, तेवढं विचारलं.

शेवटची वाचली ती कोफीची गोष्ट. मोठ्या तळ्यावर दुसऱ्याच्या नावेत कामाला ठेवलेला मुलगा. जाळं खाली झाडाच्या बुंध्याला अडकतं आणि मालक त्याला सोडवायला पाण्यात उतरवतो. तिथं अक्षरानं पानावर हात ठेवला. बाकीचं घरी वाचू, अव्वाला पण ऐकायचं असतं, म्हणाली. ऐकलेली प्रत्येक गोष्ट ती घरी अव्वाला, म्हणजे माझ्या पत्नीला, नीलम्माला, सांगायची. त्या संध्याकाळी कोफीला पाण्यात उतरवण्यापर्यंत सांगितली.

रात्रीतून ताप आला. सकाळी इथल्याच दवाखान्यात नेलं. परत आणली ती बोलत नव्हती.

आमच्या लिंगायतांत बसवून माती देतात, आपल्याला ठाऊक असेल. तिच्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, बेलाची पानं वाहिली. तेवढ्यात नीलम्मा घरातून पुस्तक घेऊन आली. विधी करणाऱ्या स्वामींनी विचारलं, हे कशाला? "तिचं वाचायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. स्वामींनी अक्षराच्या मांडीवरची पानं बाजूला सारून जागा केली.

म्हणून ते परत करता आलं नाही. सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

त्यानंतर नीलम्मा बोलत नव्हती. जेवायला वाढायची, हाक मारली तर वळायची, तेवढंच. गेल्या सोमवारी ज्वारी निवडता निवडता सुपातून वर न बघता म्हणाली, "ते पोरगं पाण्यातनं वर आलं का हो?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, पुढचं पान मी कधीच चोरून बघितलं नव्हतं.

"मग इचारा की त्यांना. नांदेडातच हाईत न्हवं?"

इतक्या दिवसांत तिनं मला काही करायला सांगितलं ते हेच. तेव्हापासून रोज मिलमधून आलो की माझ्या हाताकडं बघते.

ताई, प्रत नसली तरी चालेल. शाळेचं मी बघून घेईन. तेवढं कोफीचं पुढचं कळवा. तो वर आला नसेल तर माझी, नीलम्माची काळजी करून बदलू नका. हाय तसं लिहा.

आपलं उत्तर मी आधी उघडणार नाही. नीलम्माला समोर बसवून मोठ्यानं वाचेन. ओळीवर बोट ती ठेवेल.

आपला,
संगमेश्वर
(अक्षराचे अप्पा)