फुटक्या लाद्यांची जमीन

९ जाने.
घरमालकानं शेवटी सांगितलंच. मार्चअखेर बालवाडीची खोली रिकामी करा, तिथं कापडाचे लूम बसवायचेत. माझी तेवीस पोरं कुठं नेऊ? आमच्या बमरोलीत दुसरी खोली शोधून पाय दुखले. ह्यांनी पण मिलमध्ये विचारलं. काही नाही.

१७ जाने.
किंजलबेन आल्या. आर्किटेक्ट. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलणं हेडमास्तरणीचं. रस्ता रुंद करायला आमची जुनी चाळ पाडली, तिचा मलबा आता राहतो त्या सोसायटीच्या कोपऱ्यात तसाच पडलाय. त्यातूनच तिथं बालवाडी बांधू म्हणतात. सिमेंट आणि कडियाची, म्हणजे गवंड्याची, मजुरी एक संस्था देणार. अट एकच: जमीन चाळीतल्या बायांनी करायची, फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवून. बाया नाही आल्या तर काम तिथंच थांबेल. मी जोरात हो म्हणून बसले. जीभ माझी!

११ फेब्रु.
कडियानं मलब्यातल्याच विटांच्या भिंती उभ्या केल्या. चांगल्या झाल्यात. बाया लांबून बघून जातात. चाळीतली सगळ्यांत मोठी इंदूअक्का तेवढंही करत नाही. चाळ पडल्यापासून बाजाराला जाताना मलबा दिसू नये म्हणून मागच्या गल्लीनं वळसा घालते. अन् ती आली नाही तर बाकीच्या येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक.
घरोघरी सांगून आले, रविवारी फुटक्या लाद्या आणा.

रविवार
पिशव्या आल्या. उघडल्या तर सगळ्या लाद्या नव्याकोऱ्या, अखंड! किंजलबेन हातात हातोडी घेऊन उभ्या. एक फोडायला गेल्या तर बायांनी हात धरला. माझा पारा चढला, चांगलं दोनदा समजावलं होतं. मग दारात आलेली इंदूअक्का बोलली.
"फुटेल चीज पोरेसले कोन देस?"
खरंच, फुटकी वस्तू पोरांना कोण देतं. मी स्वतः घरून दोन अखंडच आणल्या होत्या, फुटकी न्यायला हातच धजला नाही.

१८ फेब्रु.
काम बंद. किंजलबेन चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं. मार्च आला की.

२१ फेब्रु.
सकाळी अक्काकडे गेले, म्हटलं, निदान मलब्यात काय आहे ते एकदा बघ तरी. हातातलं सूप खाली ठेवलं. मग पदर खोचून आली. विटा बाजूला सारत सारत एके जागी थांबली. काळा कडप्पा, दोन तुकडे झालेला. हातानं धूळ पुसली.
"हाऊ मना ओटा शे."
तिच्या स्वयंपाकाचा ओटा; एकोणीस वर्षं तिनं त्यावर भाकरी थापली. रडली. मी पण. मग डोळे पुसून कडियाला हुकूम, हा दाराशी बसव, नीट बसव.

२३ फेब्रु.
आता बाया आवरत नाहीत! गुलाबी तुकडे छायाच्या न्हाणीतले, निळे कुणाचे त्यावरून भांडण. सगळ्यांना आपला तुकडा खिडकीखाली हवा. अखंड लाद्या भिंतीला लावल्या, पोरांच्या उंचीवर. किंजलबेनना बायांनी बसवून भरीत-भाकरी खाऊ घातली. आज झोप लागेल.

१९ मार्च
जमीन घासून झाली. पाणी ओतलं, कुठं साचत नाही. पोरं आताच लोळायला बघतात. हायसं वाटलं, फार दिवसांनी.

२८ मार्च
महापालिकेच्या ऑफिसातले साहेब तपासायला आले. भिंती ठोकल्या, कोपरे मोजले, वहीत लिहून घेतलं. परवानगीचा कागद मिळेल का विचारलं तर म्हणाले, वर पाठवतो, बघू. जुन्या खोलीची किल्ली तीन दिवसांत द्यायचीय. तरी घाबरल्यासारखं वाटत नाही.
कारण साहेब आत येताना दाराशी थांबले होते. जमीन पाहिली, बाया पाहिल्या. वाकून बूट काढले आणि मग आत पाय टाकला. कुणी सांगितलं नव्हतं.