बारक्याच्या प्लेअरसाठी इअरफोन

४ फेब्रुवारी, बुधवार

आले एकदाची! खोली काडेपेटीएवढी, पण खिडकी मोठी. खाली चपलांचं दुकान आहे, त्यामुळे जिन्यात नव्या रबराचा वास भरलेला असतो आणि तो मला चक्क आवडतोय. पलंग सरकवला तर कपाट उघडत नाही, कपाट उघडलं तर दार अडतं. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती किती दिवसांनी हसली. ती मामाकडे रुळतेय म्हणे. जेवलीस का, हे मात्र दोनदा विचारलं.

नोकरी हेडफोनच्या दुकानात. मालकिणीला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. दुकानात आणखी एकच माणूस, मागच्या टेबलावर वायरी जोडत बसलेला दुरुस्तीवाला. त्याने मान वर न करताच माझं स्वागत केलं. जमेल असं वाटतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

माणसाचे दोन कान एकसारखे नसतात, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं! आज एक आजोबा तावातावाने आले, तुमचा इअरफोन फुसका आहे, ढोलकी ऐकूच येत नाही म्हणाले. बाईंनी डाव्या कानाला मोठी रबरी टोपी चढवली, उजव्याला मधली, आणि वायर कानामागून वळवली. आजोबांचे डोळेच विस्फारले. ‘अरे, हा तर माझ्या डोक्यात बसून वाजवतोय!’ म्हणून ते दुकानभर ओरडले, कारण आपण ओरडतोय हे त्यांना कळत नव्हतं.

बाईंचा नियम असा: आधी कानात बसतंय का बघायचं, मग आवाज, मग रंग. गिऱ्हाईक बरोबर उलट्या क्रमाने येतं. फट राहिली तर महागातला महाग इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. फट बुजली की गाण्यातलं काय काय वर येतं, बोटं तारेवरून सरकल्याचा आवाज, गायिकेने घेतलेला श्वास.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तू स्वतः काय वापरतेस, असं बाईंनी विचारलं. मी पर्समधून बारक्याचा प्लेअर काढून दाखवला.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी रस्त्याच्या कडेने गाणी ऐकत चालला होता आणि मागून ट्रक आला. त्याला ऐकू आला नाही. इअरफोनचा चुरा झाला, प्लेअरच्या एका कोपऱ्याला नुसता ओरखडा. आईला तो डोळ्यांसमोर नको होता, म्हणून मी घेऊन आले. अजून एकदाही लावलेला नाही.

बाईंनी प्लेअरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, दाखवायला ठेवलेल्यांपैकी हवे ते घरी ने, एकेक लावून बघ. घाई करू नकोस.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन जोड आणले. पहिला कानाच्या तोंडाशीच अडकणारा, मान वळवली की टपकन खाली. दुसरा धातूचा, ऐटबाज, पण आवाज असा की कुणीतरी उशीवर बुक्क्या मारतंय. बारक्याने मला वेड्यात काढलं असतं. तिसरा साधा काळा, फोमच्या टोप्यांचा. टोपी चिमटीत दाबून कानात घालायची, ती आत हळूहळू फुगते आणि फट बुजवते.

खालचा रस्ता गडप झाला. गाणं सुरू झालं. प्लेअर जिथे थांबला होता तिथूनच, कडव्याच्या मधूनच. मी खूप रडले. त्याच्या जाण्यानंतर अशी रडलेच नव्हते.

आणि मग गाण्याच्या खाली कुणीतरी गुणगुणलं. बारक्या ओळ संपायच्या आधीच पुढच्या ओळीवर उडी मारायचा, त्यावरून मी त्याला किती चिडवायचे.

त्या आवाजानेही उडी मारली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाईंना ऐकवलं. त्यांना नुसतं गाणं ऐकू आलं. त्यांनी मला चहा दिला. कान घट्ट बंद झाला की माणसाला स्वतःचाच जबडा, स्वतःचंच रक्त ऐकू येतं म्हणाल्या. त्यांचे मिस्टर गेल्यावर बाईंना नळाच्या पाण्यात मिस्टरांचा खोकला ऐकू यायचा. ऐकावंसं वाटेल तेवढं ऐक, पण त्यातच राहायला जाऊ नकोस म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर ऐकत होते. तो चालतोय. पायाखाली खडी करकरतेय. मध्येच थांबून तो म्हणाला, ‘ताई?’ घरी आल्यावर चपला काढता काढता मारायचा तशीच हाक.

मग डाव्या कानात, मागून, घरघर. वाढत गेली. तो गातच होता.

मग काहीच नाही.

प्लेअरवर गाणं पुढे सरकत होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दर वेळी तेच. खडी, गाणं, ताई, घरघर. मी ओरडते. बाजूला हो, मागे बघ! त्याला ऐकू जात नाही. खालचा चपलावाला वर येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना.

कानात कुठेतरी अजून फट असणार, म्हणून माझा आवाज पोचत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात कानाचा साचा काढून देतात. कानात थंडगार लगदा भरतात, तो घट्ट झाला की हुबेहूब आपल्या कानाचा आकार. त्यावर बेतलेला इअरफोन दुसऱ्या कुणाला बसत नाही. माझा साचा दुरुस्तीवाल्याने काढला.

प्लेअरची पाठ फुगलेली दिसली म्हणून त्याने तो उघडला. आतली बॅटरी फुगून बाद झाली होती. काढून माझ्या हातावर ठेवली. ही कधीचीच गेलीय, म्हणाला, यावर तुम्ही ऐकत होता ते शक्यच नाही.

मी बरं म्हटलं.

त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घरी सोबत कुणी आहे का, असं विचारलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

इअरफोन आले. बॅटरी नसलेल्या प्लेअरला जोडले. कानात असे बसले की जणू तिथेच उगवलेत. स्वतःचा श्वाससुद्धा लांबून आल्यासारखा वाटला.

तो चालत होता. घरघर सुरू झाली. मी ओरडले नाही, हळूच म्हणाले, बारक्या, बाजूला हो.

गाणं थांबलं. पावलं बाजूला उडाली. ट्रक धाडधाड करत गेला, निघून गेला!

‘ताई! कुठे आहेस तू?’

मी हसतेय, रडतेय. वाचला. माझा बारक्या वाचला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कामावर गेले नाही. ट्रक परत आला. परत सांगितलं, परत वाचला. आता तोच विचारतो, ‘आता, ताई?’ मी म्हणते, आता.

आंघोळीपुरते काढायचीही भीती वाटते. मी नसताना आला तर —

आई फोन करत असणार. फोन थरथरताना दिसतो. ऐकू येत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रक लवकर लवकर येतोय. कान सुजलेत, उजव्यातून पाणी येतंय. इअरफोन निसटू नयेत म्हणून डोक्याला ओढणी बांधलीय.

घर कुठे दिसतंय का, असं त्याला विचारलं. नाही म्हणाला. घरं नाहीत, दिवे नाहीत, नुसता रस्ता. पाय दुखतात. जरा बसू का?

नको म्हटलं. बसलास तर उठायला वेळ लागेल. चालत राहा.

लहानपणी ताप आला की तो तोंड मिटून रडायचा, आईला कळू नये म्हणून. तसाच रडतोय. चालतोय आणि —

आता.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बाई आल्या होत्या. दार वाजवलेलं कळलंच नाही. समोर उभ्या, ओठ हलतायत. मी मान हलवली. त्या माझ्या कानांकडे बघत राहिल्या आणि तोंडावर पदर धरून बाहेर गेल्या.

डुलकी लागली. थोडीच. ट्रक त्याला घासून गेला. आता एक पाय ओढत चालतोय. माझ्यामुळे नाही, माझ्यामुळेच तर वाचतोय, मी —

आता. आता, बारक्या.

१ मार्च, रविवार

आई आली. बाईंनी बोलावलं असणार.

तिने ओढणी सोडली. डावा इअरफोन काढला. मी किंचाळले, तो मरेल, आई, तो मरेल! तिने तो स्वतःच्या कानात घातला. बसेना. अंगठ्याने दाबून धरला.

तिचा चेहरा —

ती खाली बसली. मग म्हणाली, ‘बाळा, आई आहे.’

त्याला ऐकू गेलं. पावलं मंदावली.

मग म्हणाला, ‘आई, ताई बसू देत नाही गं.’

त्याच दिवशी

एक कान तिचा, एक माझा. ट्रक आला की मी सांगते. आई नुसती ऐकते.

ती म्हणते, किती दमलाय गं तो. मी म्हणते, पण आहे ना. ती म्हणते, दवाखान्यात चादर उचलून मी पाहिलं होतं त्याला. तुला पाहू दिलं नव्हतं, पण मी पाहिलंय. तो तेव्हाच गेला, पोरी. आता त्याला आणखी किती चालवशील?

मी इअरफोन दाबून धरलाय. देणार नाही —

संध्याकाळ

आईने मला कुशीत घेतलंय. तिचा हात माझ्या तोंडावर. जोर नाहीये त्या हाताला. मी झटकू शकते. बोलू नकोस म्हणते, लिहायचं तर लिही.

त्याला म्हणाली, बस, बाळा.

बसला. खडीवर टेकला. किती मोठा सुस्कारा —

चप्पल काढली. पाय चोळतोय. आई विचारतेय, बरं वाटतंय का. हो म्हणतो.

घरघर.

लांब आहे अजून. मी सांगू शकते अजून. आई रडतेय, पण आवाजात काही कळू देत नाही. डोळे मीट म्हणतेय त्याला. मी इथेच आहे म्हणतेय.

मागून. जवळ. माझ्या दातांत घरघर —

तो विचारतोय, ताई, उठू का?

हात झटकू शकते

ताई, आता? ताई, आता उ