वडिलांची सॅक सिग्नेला देऊ नये याबाबत

मी, लेलँड अँडर्स ओस्टरुड, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, राहणार टॅमरॅक फोर्क, मोंटाना, लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझा देवावर विश्वास आहे, डॉक्टरांवर बेताचा. मंगळवारी माझ्या मणक्याचं ऑपरेशन आहे, म्हणून हे मृत्युपत्र. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको डोरीन समोर वाटाणे सोलत बसली आहे आणि माझा हात थांबला की वर बघते, एवढंच.

१. घर, अंगणातली शेड आणि मांसाचे दोन्ही फ्रीझर डोरीनच्या नावे. तिने जन्मभर माझं ऐकलं नाही, त्यामुळे घर सुस्थितीत आहे.

२. सुतारकामाची हत्यारं गावच्या चर्चला. तिथला पहिला बाक डुगडुगतो, तो कोणीतरी नीट करावा. मी मुद्दाम केला नाही. मी त्याच बाकावर बसतो, आणि प्रवचनाच्या वेळी जागं राहायला त्याचा उपयोग होतो.

३. बंदूक माझी मुलगी सिग्ने हिला. येत्या ऑक्टोबरात ती पहिल्यांदा एल्कच्या शिकारीला जाणार आहे. बंदुकीचं काम क्षणाचं. त्यानंतर ते घोड्याएवढं हरीण तुकड्या-तुकड्यांनी पाठीवरून खाली आणायचं असतं, आणि तेव्हा बंदूक म्हणजे आणखी एक ओझं. म्हणून पुढचं कलम नीट वाचावं.

४. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर टांगलेली, ॲल्युमिनियमच्या चौकटीची जुनी सॅक माझ्या वडिलांची. त्यांनी ती मृत्युपत्राने मला दिली. वडील ताडमाड उंच, मी आईवर गेलेला. सॅकचा पट्टा त्यांच्या कमरेच्या हाडावर टेकायचा, माझ्या मांड्यांवर येतो. पट्टा हाडावर टेकला नाही तर सगळं वजन खांद्यांना लटकतं. मी आईला म्हणालो होतो, "मला मोठी होतेय ही."

"बसेल हळूहळू," आई म्हणाली. "ते जाऊन महिना नाही झाला, आणि तुला नवी सॅक सुचतेय?"

नाही सुचली. मंगळवारी त्या 'हळूहळू'चंच ऑपरेशन आहे.

ही सॅक सिग्नेला देऊ नये. मागितली, रडली, माझी आठवण म्हणून हवी म्हणाली, तरी देऊ नये. ती डोरीनवर गेली आहे: पाय लांब, पाठ आखूड. परवा तिने आत पिठाची पोती भरून ती चढवली, टेबलाभोवती फेरी मारली आणि कमानीसारखी वाकून मला म्हणाली, "बसतेय की, बाबा." मी नको म्हटलं, तर हसली. आमच्या घरात जित्या माणसाला कोणी जुमानत नाही, मेलेल्याचं मात्र अक्षर न् अक्षर पाळतात. म्हणून हे कायद्याने लिहून ठेवतो आहे. मी गेलो तर सॅक माझ्या शवपेटीत ठेवावी. ज्यांची आहे त्यांना नेऊन देईन. दोन शब्द बोलायचेही आहेत.

५. डोरीनचा धाकटा भाऊ व्हर्न याला ही सॅक स्वतःच्या दिवाणखान्यात शोभेला टांगायला हवी आहे. त्या भिंतीवर त्याच्या एल्कची शिंगं आहेत. फोटोसाठी त्याने शिंगं आधी खाली आणली. मांसासाठी परत वर गेला, तोवर अस्वलाचं जेवण उरकलं होतं. आमच्याकडे मांस आधी उतरवतात, शिंगं शेवटी. देवाने दिलेलं अन्न डोंगरावर टाकून शिंगं मिरवणाऱ्याला मी सॅक देत नाही. त्याने माझ्या पेटीला डोक्याकडून खांदा द्यावा. जड बाजू आधी उचलायची सवय लागेल.

सिग्नेला सॅक घ्यायला दुकानात नेलं तेही यानेच. मी काउंटरला टेकून उभा होतो.

"बघा दाजी, कप्पेच कप्पे," व्हर्न म्हणाला.

"मागची तंगडी कुठल्या कप्प्यात जाते?"

"ती बाहेरून बांधायची."

"कशाला बांधायची? हिला चौकटच नाही."

"तुमचं आपलं जुनंच. रंग तरी बघा. झाडीत उभी राहिली तर कोणाला दिसणार नाही."

"ओझ्याखाली आडवी झाली, तर तेव्हाही दिसणार नाही."

सिग्नेने ती रिकामी सॅक आरशासमोर घातली, काढली आणि म्हणाली, "मला आजोबांचीच हवी." म्हणजे मामा कप्प्यांना भुलला आणि भाची मेलेल्या माणसाला.

६. तरी माझ्या पैशातून सिग्नेला नवी सॅक घ्यावी, ती अशी. आधी डोरीनने तिची पाठ मोजावी, मानेखालच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत. मग त्या मापाच्या चौकटीची सॅक काढून दुकानातच वाळूच्या पिशव्यांनी भरावी. डोंगरावर काय घेऊन जाणार याचा विचार करू नये, काय घेऊन उतरणार याचा करावा. सॅक चढवून दुकानाचा जिना चढावा, उतरावा, आणि खांद्यांचे पट्टे सैल सोडावेत. वजन कमरेवर राहिलं तर ती सॅक तिची. आरशाकडे जाऊ नये. व्हर्नने सोबत यायला हरकत नाही, बोलायला आहे.

७. इथवर लिहिलं तेव्हा सिग्ने कॉफी घेऊन आली आणि माझ्या मागे उभं राहून तिने सगळं वाचलं. मग म्हणाली, "आणि मंगळवारी शुद्धीवर आलात तर?"

"तर सॅक खिळ्यावर राहील."

"म्हणजे बरे झालात की परत तुम्ही तीच घालणार."

मी कॉफी प्यालो. डोरीनचा वाटाण्यांवरचा हात थांबला.

"मग मीही तीच घालते," सिग्ने म्हणाली. "नाहीतर दोघांची पाठ मोजायची. तुम्ही ठरवा."

एखाद्या वकिलानेही मला एवढं कोंडीत पकडलं नसतं. म्हणून हे कलम वाढवतो. देवाने मला शुद्धीवर आणलं, तर वडिलांची सॅक खिळ्यावरून काढून व्हर्नला द्यावी. त्याच्या भिंतीवर ती कोणाची पाठ मोडणार नाही. आणि दुकानात दोघांची मापं घ्यावीत. मी स्वतः निवडलेली ही माझी पहिली सॅक असेल. रंग सिग्ने ठरवेल. नारिंगी नको, असं मी म्हणून ठेवतो, पण मी तेव्हा जिवंत असेन, म्हणजे ऐकणार कोण.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने, स्वखुशीने लिहिलं.

लेलँड अँडर्स ओस्टरुड (सही)
टॅमरॅक फोर्क, मोंटाना
शुक्रवार, ३० ऑगस्ट २०१९

साक्षीदार:
क्लारिस बेकमन, शेजारीण (सही)
ओडेल थॉर्प, चर्चचे कारभारी (सही)

आम्हा दोघांसमोर लेलँडने सही केली. तो पूर्ण शुद्धीवर होता. ताठ बसलेलं मात्र आम्ही त्याला अजून पाहिलेलं नाही. — ओ. थॉर्प