आला का पाय?

मास्तर, पाय आला. पुण्याला जाऊन माप देऊन आलो होतो, तो गेल्या आठवड्यात बसवून घेतला. जन्माला येताना मिळालेला धरला तर हा माझा पाचवा डावा पाय. घरातली सगळी त्याला हात लावून बघतात, किती हलका म्हणतात. सून म्हणाली, बाबा, आता तुम्ही आलात हे कुणाला कळणारच नाही. ती गमतीने बोलली, पण खरंच कळत नाही. आधीचे सगळे पाय बोलके होते. लाकूड, चामडं आणि लोखंडी पट्ट्या. डांबरावर टाकला की टक्क, फरशीवर टाकला की टक्क, आपल्या भुईगावच्या वाळूत तेवढा गप्प. या नव्याच्या तळाला रबर आहे. काल सणाच्या मिरवणुकीत ढोल घेऊन निघालो तर माझ्याच पायाचा आवाज मला ऐकू येईना. चर्चपासून नाक्यावरच्या क्रुसापर्यंत सारखं काहीतरी घरी विसरून आल्यासारखं वाटत राहिलं, आणि परत येताना एक गोष्ट डोक्यात आली. ती तुम्हालाच सांगण्यासारखी आहे. पण जरा मागून सुरुवात करतो. तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगणार आहे, तरी ऐकून घ्या. एकच चाल तुम्ही आम्हाला कितीदा वाजवायला लावायचात, आम्ही कधी तक्रार केली का?

एकाहत्तरच्या लढाईत माझा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखालचं गेलं. इस्पितळातून घरी आलो तेव्हा गावाने चर्चसमोर हार घातले, आणि बँड तुमचाच होता. मी कुबड्यांवर, म्हणून तुम्ही बँडची चाल इतकी हळू केलीत की क्लॅरिनेटवाल्याचा दम पुरेना. मला त्या दिवशी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नंतर मी ओटीवर बसलो तो बसलोच. लाकडी पाय आला होता, पण तो बहुतेक वेळ खुंटीला. वाडीत आई आणि थोरला भाऊ राबायचे, केळीला पाणी लावायचे, पानवेली बांधायचे, आणि मी बघायचो. भेटायला आलेलं माणूस आधी पायाकडे बघायचं, मग छपराकडे, मग म्हणायचं, देवाची मर्जी. पुण्याला माझ्यासारख्या सैनिकांना राहायला एक जागा होती. तिथे सगळेच तसे, कुणी कुणाकडे बघणार नाही. तिथे कायमचं निघून जायचं मी ठरवून टाकलं होतं. आईला सांगायचा धीर होत नव्हता, एवढंच.

त्यात एका दुपारी तुम्ही आलात. गळ्यात टेप तसाच, कारण तुम्ही शिंपी. आठवडाभर मशीनवर बसायचं, आणि लग्न, सण, मयत असली की कॉर्नेट फुंकत बँडच्या पुढे. तुम्ही पायाकडे बघितलंच नाही. बैल विकत घ्यायला आल्यासारखे माझ्या मागून पुढून फिरलात आणि म्हणालात, "खांदे बरे हायत तुझे."

मी म्हटलं, "खांद्यांचं काय करायचं, मास्तर?"

"मोठा ढोल उचलायला खांदेच लागतात. आमचा ढोलवाला गेला आखातात. मे महिन्यात लग्नं हायत, आनि मी काय हाताने पोट बडवू?"

आई आतून धावत आली. "मास्तर, त्याला धड चालायला येत नाय, आनि तुमी त्याच्या गळ्यात ढोल बांधता?"

"नुसतं चालायचा कंटाळा येतो गो बाय," तुम्ही म्हणालात. "ढोल असला म्हंजे कायतरी काम असतं."

मी आलो तो तुमची जिरवायला आलो, हे तेव्हा तुम्हाला कळलं असेल का? दोन दिवसांत तुम्हीच म्हणाल, नको रे बाबा, आणि मग मी पुण्याचा रस्ता धरेन, असा माझा हिशोब होता. पण तुम्ही मला आधी वाजवायलाच दिलं नाहीत. तुमच्या घरामागे बावखलाच्या, आपल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठी बसवलंत, ढोल पुढ्यात ठेवलात, आणि तो शेकायला शिकवलंत. समुद्राच्या हवेने चामडं सैल पडतं. केळीची सुकी पानं पेटवायची आणि त्या जाळावर लांबून ढोल फिरवत राहायचं, चामडं ताणून बोलायला लागेपर्यंत. घाई केली की चामडं फाटतं. मी एक फाडलं. तुम्ही मला लगेच दुसरं चढवायला बसवलंत. त्या जाळाचा गोडसर धूर अजून कुठे आला की माझे हात आपोआप गोल फिरायला लागतात.

मग एक दिवस तुम्ही बँडच्या पोशाखाचं माप घेतलंत. उजव्या पायाचं घेतलंत, आणि तस्संच डाव्याचंही घेतलंत, पट्ट्यांवरून टेप फिरवून. वर विचारलंत, "हिकडून किती ढगळ पायजे? पट्टा आवळायला हात जायला हवा ना?" घरी आल्यापासून माझ्या डाव्या पायाबद्दल मला कुणी विचारलेला तो पहिला साधा प्रश्न. ती पँट शिवून आली तेव्हा बाहेरून दोन्ही पाय सारखे दिसत होते, आणि आतून डाव्या शिवणीला तुम्ही अस्तर लावलं होतं, लोखंडाने कापड फाटू नये म्हणून. मास्तर, फौजेच्या वर्दीचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण ती वर्दी माझ्या मापाची नव्हती, सगळ्यांच्या मापाची होती.

आणि मग ते पहिलं लग्न. ते आठवलं की आजही मला घाम फुटतो आणि हसूही फुटतं. चर्चमधून वरात निघाली आहे. पुढे तुम्ही, मागे बँड, बँडच्या शेवटी मी आणि माझ्या मागे नवरानवरी आणि सगळा गोतावळा. फौजेत ढोलाचा मोठा ठोका डाव्या पायावर पडतो, छोटा उजव्यावर. ते अंगात इतकं मुरलेलं की मी दुसरं काही करूच शकत नव्हतो. पण माझा डावा आता लाकडाचा. तो उशिरा येई, मग उजवा घाईने. धम्म, ढुम. धम्म, ढुम. मी मान खाली घालून पायाकडे बघत वाजवतोय, पाय पडला की ठोका, आणि माझ्या मागे शंभर माणसं त्या ठोक्यावर पाय टाकताहेत. ओढ्याच्या पुलापाशी कठड्यावरची बाई ओरडली, "अगो बघा, वरात लंगडते!" मी मागे वळून बघितलं. नवरा लंगडत होता. नवरी लंगडत होती. नवऱ्याचा जाडजूड मामा छत्री टेकत लंगडत होता. कुणी मुद्दाम करत नव्हतं मास्तर, ढोल जिकडे नेईल तिकडे ती बिचारी चालली होती. सगळा रस्ता हसायला लागला. मी मंडपापर्यंत कसाबसा पोचलो, ढोल उतरवून ठेवला आणि ठरवलं, उद्याची पहिली गाडी.

तुम्ही मला ओढत तुमच्या घरी नेलंत. तुमच्या बायकोने, आमच्या मावशींनी, चुलीपाशी पाट मांडला, पुढ्यात भात आणि डुकराच्या मटणाचं इंदेल वाढलं. मी म्हटलं, मला भूक नाही, मी पुण्याला जातोय कायमचा. तुम्ही घास घेतलात, चावलात आणि एकदम हसायला लागलात. असे हसलात की ठसका लागला आणि मावशींना पाठीवर थापटावं लागलं. "तो मामा," तुम्ही म्हणत होतात, "छत्री टेकत!" माझ्या पायावरून माझ्या तोंडावर हसणारे तुम्ही पहिले. मला संताप यायला हवा होता. मी हसायला लागलो. इस्पितळापासून पहिल्यांदा हसलो आणि हसता हसता रडलो, आणि मावशी म्हणाल्या, "इंदेल तिखट झालं काय?"

मग तुम्ही ताट बाजूला केलंत आणि खरे रागावलात. "तू ढोल पायाने वाजवतोस की हाताने? मागे शंभर मानसं चालतात आनि तू एकट्याचा पाय बघत बसतोस!"

"फौजेत डाव्या पायावर ठोका असतो," मी म्हटलं. "आणि डावा माझ्याकडे नाही."

"तुझा नसंल. त्यांचा हाय ना? त्यांच्या डाव्यावर दे. मान वर कर, ठोका वेळेवर दे, पायाची वाट बघू नको. पाय येईल मागून."

मी पुण्याला गेलो नाही. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या घरामागे मान वर करून चालायला लागलो. कितीदा पडलो, ते बावखलातल्या बेडकांना ठाऊक. पण पुढच्या लग्नात वरात सरळ चालली. त्या पहिल्या वरातीत नवरीच्या मागे लंगडलेली तिची मावसबहीण पुढे माझी बायको झाली. लग्नाआधीच मी याच्याबरोबर लंगडले होते, असं ती अजून पाहुण्यांना सांगते. सत्तरचं दशक संपून ऐंशीचं लागलं, मी ढोल मढवायला शिकलो, शेजारच्या गावांचे ढोल माझ्याकडे यायला लागले, नवीन पोरापोरींना तुम्ही माझ्या हाताखाली दिलंत. ओटीवर बसलेला माणूस कुठे गेला ते माझं मलाच कळलं नाही. आणि दरवर्षी सणाची मिरवणूक संपली की घाम पुसत तुम्ही विचारायचात, "आला का पाय?" मी म्हणायचो, "आला, मास्तर." तुम्ही म्हणायचात, "बरं."

तुम्ही गेलात तेव्हा कुणाच्या तरी लग्नाचा कोट तुमच्या मशीनवर अर्धा होता. मयतीला बँड पुढे आणि पेटी मागे, म्हणजे पहिल्यांदाच आम्ही पुढे आणि तुम्ही मागे. मी ढोलावर काळं फडकं टाकलं होतं. मयतीची चाल संथ, आणि तुमच्यासाठी आम्ही ती आणखी संथ केली होती. दोन ठोक्यांमध्ये एवढा वेळ की त्या दिवशी माझा लाकडी पाय, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बरोबर ठोक्यावर पडत होता. प्रत्येक ठोक्यावर. दफनभूमीच्या फाटकात मी सवयीने वाट बघितली, तुम्ही विचाराल म्हणून.

आता कालची गोष्ट. नवा पाय गप्प झाला तेव्हा मला कळलं की जुना किती मोठ्याने बोलायचा. ठोका पडायचा आणि त्याच्या मागून टक्क. प्रत्येक ठोक्यामागून टक्क. तुम्ही माझ्यापुढे चालत होतात. क्लॅरिनेटवाल्याचा स्वर केसभर घसरला तरी अख्खा बँड थांबवणारे तुम्ही. तुम्हाला ते ऐकू येत नव्हतं होय? मिरवणूकभर ऐकायचात आणि शेवटी विचारायचात, आला का पाय? मी तुमचं मन राखायला "आला" म्हणतो, असं मला आजवर वाटत होतं. आणि तुम्ही "बरं" म्हणून माझं राखत होतात. किती चांगले होतात हो तुम्ही. हे तुमच्या तोंडावर म्हणायला मला कधी जमलं नाही.

हे पत्र काही कुठे टाकायचं नाही. दफनभूमीत पोस्टाची पेटी नसते. पण तुम्हाला ठाऊकच होतं, तर आता मीही एकदा कबूल करून टाकतो. मास्तर, पाय एकाही सणाला ठोक्यावर आला नाही. हा नवाही मागूनच येतो. फक्त आता ते ऐकायला पुढे कुणी नाही, म्हणून काल मिरवणूक संपल्यावर माझं मीच विचारलं आणि माझं मीच म्हटलं, आला.